बर काढायचं चाक : ‘जास्त टिकतं तेच चांगलं’ ही सवय आली कुठून

जळगाव असो नाहीतर धुळे, एमआयडीसीतला जॉबवर्कवाला घासायचं चाक घ्यायला गेला की पहिला प्रश्न ठरलेला, किती दिवस चालेल? बर, म्हणजे कापल्यावर धातूच्या कडेला राहणारी धारदार कोर, काढायच्या कामाला हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यामागचा इतिहास बघितला तर ही सवय का लागली ते कळतं.

फार जुनं थोडक्यात सांगतो. कुरुंद या कठीण खनिजाची भुकटी लाखेत बांधून चाक करायचं तंत्र आपल्याकडच्या शिकलगारांना पूर्वीपासून येत होतं. 1891 मध्ये अमेरिकेत सिलिकॉन कार्बाइड हा घासायचा कृत्रिम दाणा तयार झाला, पुढच्या काही वर्षांत भट्टीतलं अॅल्युमिनियम ऑक्साइड आलं आणि खाणीतली एमरी, म्हणजे घासायचा नैसर्गिक दगड, मागे पडली. खान्देशात त्या काळी यंत्रकाम म्हणजे जिनिंग-प्रेस आणि भुसावळची रेल्वे. टूलला धार लावा, ओतीव लोखंडाचे उंचवटे उडवा, बेंच ग्राइंडरचं जाड चाक जितकं पुरेल तितका फायदा, आणि तोच हिशोब डोक्यात बसला तो बसलाच.

खरा घोळ आहे हार्ड आणि सॉफ्ट चाकाचा, आणि त्यावर अजूनही वाद होतात. चाकावर A 46 K 5 V असं छापलेलं असतं, त्यातला K म्हणजे बाँडची, म्हणजे दाणे धरून ठेवणाऱ्या चिकट मालाची, पकड, या अक्षराच्या पट्टीवर A कडे मऊ आणि Z कडे कडक. दाणा किती कडक याच्याशी त्या अक्षराचा संबंध नाही, दाणा बोथट झाल्यावर बाँड त्याला धरून ठेवतो की सोडून देतो एवढंच ते सांगतं. म्हणून कडक स्टीलला मऊ चाक लागतं आणि मऊ स्टीलला कडक, आपल्या अंदाजाच्या बरोब्बर उलट. पण दुकानदाराला ‘हार्ड द्या’ म्हटलं की तो हार्डच देतो, चाक टिकतं, मालक खूश. नंतर ते चाक ग्लेज होतं, म्हणजे बोथट दाणे न सुटता चकचकीत होतं, पोऱ्या जोर लावतो, जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, निळा पडतो, आणि या बाजूची बर दुमडून त्या बाजूला निघते, मग ती काढायला परत कानस. वाचलेल्या चाकाचे पैसे मजुरीत गेले ते कुणी मोजतच नाही!

त्यात 1954 मध्ये जर्मनीत वेगाने फिरणारा, हातात धरायचा अँगल ग्राइंडर आला, पुढे तो गावोगाव पोचला आणि चाक जॉबपर्यंत न्यायची सोय झाली. 1958 मध्ये नायलॉनच्या जाळीत दाणे चिकटवलेलं नॉनवोव्हन बाजारात आलं, घरात भांडी घासायची हिरवी घासणी त्याच घराण्यातली. हे चाक मुद्दाम झिजतं, झिजताना ताजे दाणे वर येतात, कडेची बर जाते आणि जॉबचं माप जवळजवळ तसंच राहतं.

आपल्याकडे याची खरी गरज पडली ती ठिबक-तुषारचं काम वाढल्यावर. पितळी नोझलच्या तोंडाशी बर राहिली तर फवारा वाकडा पडतो, आणि दगडी चाकाने घासलं तर तोंडाचा आकारच बिघडतो. पाइप जोडायच्या अॅल्युमिनियमच्या कपलरला तर स्टीलचं साधं चाक लावूच नये, धातू चाकात भरतो, चाक तापतं, फुटायची भीती असते.

तिथे नॉनवोव्हनच हवं, पण त्यातही घनता बघून. नाजूक कडेला कमी घनतेचं, जाड बरेला जास्त. पट्टा गुंडाळून केलेल्या चाकावर बाण असतो, तो बघूनच बसवायचं, उलटं फिरलं तर पट्ट्याचं टोक उचकटतं. थर दाबून केलेल्या चाकाला ही अडचण नाही, ते कुठल्याही बाजूने चालतं.

1980 च्या दशकात सिरॅमिक दाणा आला, त्याची आता दुकानातून भरपूर शिफारस होते. तो दाबाखाली बारीक फुटून नवी धार काढतो, म्हणून जाड वेल्ड उडवायला उत्तम, पण हलक्या हाताच्या बर काढायला त्याच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा स्टेनलेससाठी चाक वेगळं ठेवा. साध्या लोखंडावर फिरलेलं चाक स्टेनलेसवर लावलं की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात, माल गेल्यावर गंजाचे ठिपके उठतात आणि पार्टी म्हणते मटेरियलच खराब होतं.