मनाईच्या पाटीआधीचा आणि नंतरचा इतिहास: संग्रहालये, त्यांच्या वास्तू आणि कॅमेरा

संग्रहालयाच्या दालनाबाहेर 'छायाचित्रणास मनाई आहे' अशी पाटी दिसली की ती पूर्वापार चालत आलेली असावी, असे आपण गृहीत धरतो. इतिहास मात्र याच्या उलट आहे. कॅमेऱ्याला सर्वांत आधी ज्या संस्थांनी दारे उघडली, त्यांत संग्रहालये अग्रभागी होती. मनाई पुष्कळ नंतर आली. कधी आगीचे भय, कधी रंग उडण्याची चिंता, कधी छायाचित्रांच्या विक्रीचे उत्पन्न, तर कधी गर्दी, अशी तिची कारणे काळानुसार बदलत गेली. यांतील काही कारणे आज उरलेली नाहीत, तरी त्यांच्यापोटी लागलेल्या पाट्या अनेक ठिकाणी कायम आहेत. म्हणून प्रत्येक कारण त्याच्या काळात ठेवून पाहणे अगत्याचे ठरते.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा एका चित्रासाठी भिंगासमोरची वस्तू बराच वेळ निश्चल राहावी लागे. पुतळे आणि शिल्पे त्यासाठी आदर्श होती. छायाचित्रणाचे एक इंग्रज आद्यप्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी पॅट्रोक्लस या ग्रीक कथांतील वीराच्या अर्धपुतळ्याची प्लास्टरची प्रतिकृती वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या प्रकाशात वारंवार टिपली, ती याच गुणामुळे. पुढे १८५४ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमने रॉजर फेंटन यांना छायाचित्रणासाठी नेमले आणि त्यांच्यासाठी इमारतीच्या छपरावर काचेचे चित्रणगृह उभारले. छप्पर निवडण्यामागे सबळ कारण होते. आगीच्या भीतीने त्या संग्रहालयात गॅसचे दिवे लावू देत नसत, त्यामुळे दालनांमध्ये खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड असे. फेंटन यांनी तेथे टिपलेल्या वस्तूंमध्ये कीलाक्षरे (प्राचीन मेसोपोटेमियातील पाचरीच्या आकाराची लिपी) कोरलेल्या मातीच्या पाट्या होत्या. त्या अक्षरांच्या खाचा तिरप्या उजेडात पडणाऱ्या सावलीमुळेच वाचता येतात, आणि सावली योग्य पडली तर दूरदेशीचा अभ्यासक मूळ पाटी हातात न घेताही मजकूर लावू शकतो. वस्तू सुरक्षित ठेवून ज्ञान बाहेर जाऊ देण्याची ही सोय संग्रहालयांनी स्वतःहून स्वीकारली होती.

साऊथ केन्सिंग्टन म्युझियम, म्हणजे आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, याहून पुढे गेले. तेथे १८५६ मध्ये चार्ल्स थर्स्टन थॉम्पसन हे अधिकृत छायाचित्रकार झाले. त्यांनी त्याआधी, १८५३ मध्ये, नक्षीदार चौकटीच्या एका जुन्या आरशाचे चित्र घेतले होते. चौकटीवरील कोरीव काम टिपण्यासाठी कॅमेरा आरशासमोर सरळ लावावा लागला, त्यामुळे काचेत तिपाईवरचा पेटीसारखा कॅमेरा आणि त्याच्या शेजारी उभे असलेले थॉम्पसन स्पष्ट दिसतात. काचेचे प्रतिबिंब टाळणे ही संग्रहालयातील छायाचित्रकाराची कायमची अडचण आहे, आणि या क्षेत्राच्या अगदी आरंभीच्या एका चित्रात ती अशी ठळक नोंदली गेली आहे. १८५८ मध्ये थॉम्पसन यांनी इटालियन चित्रकार राफाएलची भव्य आरेखने हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात टिपली. संचालक हेन्री कोल यांनी अशा छायाचित्रांच्या प्रती सामान्यांना परवडतील अशा दरात विकायला ठेवल्या, तेव्हा आपला धंदा बुडेल अशी तक्रार खासगी छायाचित्रकारांनी केली. १८६८ मध्ये थॉम्पसन यांचे निधन झाल्यावर त्यांची बहीण इझाबेल अ‍ॅग्नेस काउपर यांनी हे काम हाती घेतले आणि दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले. त्यांच्या कामाची दखल फार उशिरा घेतली गेली, याची खंत वाटते.

संग्रहालयाच्या वास्तूचे चित्रण याच सुमारास पॅरिसमध्ये आकाराला येत होते. १८५५ पासून एदुआर बाल्दुस यांनी लूव्र संग्रहालयाच्या नव्या बांधकामाची हजारावर छायाचित्रे घेतली. त्यांत पूर्ण दर्शनी भाग तर आहेतच, पण जागेवर बसवण्यापूर्वीचे एकेक शिल्प आणि नक्षीचा एकेक तुकडाही आहे. वास्तुशिल्पी एक्तोर लफ्युएल यांच्या दृष्टीने हा कामाचा दस्तऐवज होता. वास्तूच्या छायाचित्राची एक अट तेव्हापासून आजवर टिकून आहे: उभ्या रेषा उभ्याच दिसल्या पाहिजेत. कॅमेरा वर वळवला की इमारत मागे कललेली भासते. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवून हा दोष टाळता येई, आणि छोट्या कॅमेऱ्यांसाठी तीच सोय निकॉनने १९६० च्या दशकाच्या आरंभी सरकत्या भिंगाच्या रूपाने आणली.

प्रेक्षकाच्या हातात कॅमेरा आला तो १८८८ च्या कोडॅकपासून, आणि १९२५ च्या लायकामुळे तो आणखी सुटसुटीत झाला. तरीही दालनाच्या आत त्याचा फारसा उपयोग नव्हता. कारण हिशेबाने समजते. नाजूक चित्रांच्या दालनात आज साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड ठेवतात. १९३६ च्या रंगीत कोडाक्रोम फिल्मची संवेदनशीलता, म्हणजे कमी उजेडात चित्र टिपण्याची क्षमता, आजच्या आयएसओ मापाने १० च्या आसपास होती. अशा उजेडात, एफ ३.५ इतके भिंग उघडले (एफचा आकडा जितका लहान, तितकी उघडीप मोठी) तरी, सुमारे ६ सेकंद कॅमेरा स्थिर ठेवावा लागला असता. म्हणजे तिपाई हवी, नाहीतर फ्लॅश हवा. तिपाईत लोक अडखळतात आणि तिचा पाय शिल्पाला लागू शकतो. मॅग्नेशियमच्या भुकटीचा फ्लॅश ठिणग्या आणि धूर सोडत असे, आणि १९२९ नंतर आलेले फ्लॅशचे बल्ब क्वचित फुटत. त्या काळातील मनाई या कारणांसाठी रास्तच होती.

उजेडाने रंग उडतो ही चिंता त्याहून जुनी आहे. जलरंगांच्या चित्रांविषयी ब्रिटनमध्ये वाद पेटल्यावर वॉल्टर रसेल आणि विल्यम अ‍ॅबनी यांनी प्रयोग केले आणि १८८८ मध्ये अहवाल दिला. हानी एकूण मिळालेल्या प्रकाशावर, म्हणजे तीव्रता आणि कालावधी यांच्या गुणाकारावर, अवलंबून असते, हे त्यातून पुढे आले. संग्रहालयातील प्रकाशाचे आजचे नियम याच तत्त्वावर उभे आहेत. मात्र हेच तत्त्व फ्लॅशला लावले की वेगळे चित्र दिसते. १०० संवेदनशीलता आणि एफ ८ अशा मांडणीत योग्य छायाचित्रासाठी चित्रावर सुमारे १६० लक्स-सेकंद एवढा प्रकाश पडावा लागतो, म्हणजे ५० लक्सच्या दालनात ते चित्र ३ सेकंदांच्या आसपास जेवढा प्रकाश घेते तेवढाच. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील डेव्हिड साँडर्स यांनी १९९० च्या दशकात प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, तेव्हाही सर्वसाधारण रंगद्रव्यांवर फ्लॅशचा दालनातील नेहमीच्या उजेडापेक्षा फार वेगळा परिणाम आढळला नाही. माझ्या मते फ्लॅशला मनाई असावीच, कारण शेजारी शांतपणे चित्र पाहणाऱ्याचा तो रसभंग करतो. तेच कारण पाटीवर लिहावे, रंग उडण्याचे नव्हे.

पैशाचे कारण याहून गुंतागुंतीचे आहे. १८८३ मध्ये लूव्रने ब्राउन या कंपनीला अधिकृत छायाचित्रकार म्हणून नेमले, तेव्हापासून चित्रांच्या प्रती हा उत्पन्नाचा मार्ग ठरला. व्हॅटिकन संग्रहालयांचा भाग असलेल्या सिस्टीन चॅपेलचा जीर्णोद्धार १९८० ते १९९४ या काळात झाला. त्याचा खर्च निप्पॉन टेलिव्हिजन या जपानी वाहिनीने उचलला आणि मोबदल्यात चित्रणाचे खास हक्क ठरावीक मुदतीसाठी मिळवले. ती मुदत केव्हाच संपली, तरी तेथील मनाई कायम राहिली. न्यायालयांनीही एकमुखाने निर्णय दिलेले नाहीत. प्रताधिकाराची (कॉपीराइटची) मुदत संपलेल्या चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा हक्क निर्माण होत नाही, असे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये मानहाइमच्या संग्रहालयाच्या बाजूने निकाल देऊन अशा छायाचित्रांना संरक्षण मान्य केले. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने निर्देश काढून अशा छायाचित्रांवर हक्क सांगण्याची ही वाट पुष्कळशी बंद केली.

अखेर जुन्या मनाईचा पाया मोबाइलने काढून घेतला. एफ १.८ चे भिंग आणि ८०० संवेदनशीलता असेल तर ५० लक्समध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. फ्लॅश नको, तिपाई नको. २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने छायाचित्रणाला परवानगी दिली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०१० पासून घातलेली बंदी २०१५ मध्ये उठवली, तीही फ्रान्सच्या संस्कृतिमंत्री फ्लर पेलरँ यांनी तेथील प्रदर्शनात घेतलेली छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकल्यानंतर. त्याच सुमारास अनेक संग्रहालयांनी सेल्फी स्टिकला मात्र मज्जाव केला, आणि त्यामागचे कारण तिपाईच्या काळातलेच होते.

वास्तूच्या बाबतीत कायद्याने निराळी वाट धरली. वास्तुशिल्पीचा प्रताधिकार जिवंत असलेल्या इमारतीचे छायाचित्र घेता येईल का, हा तेथे प्रश्न असतो. भारताचा १९५७ चा आणि ब्रिटनचा १९८८ चा कायदा असे छायाचित्र हक्कभंग मानत नाही. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य भागापुरतीच मोकळीक आहे, अंतर्भागाला ती लागू नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये सूट दिली, पण ती व्यक्तींना आणि व्यापारी हेतू नसलेल्या वापरालाच. लूव्रचा १९८९ मध्ये खुला झालेला काचेचा पिरॅमिड आय. एम. पेई यांची निर्मिती आहे. पेई २०१९ मध्ये वारले, त्यामुळे तेथे त्यांचा हक्क २०८९ च्या अखेरपर्यंत चालेल. शिवाय जागेच्या मालकीचा मुद्दा वेगळा उरतो. जर्मनीतील सान्सुसी राजवाडा आणि त्याच्या उद्यानांबाबत जर्मन न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला, की कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक जागेवरून घेतलेल्या चित्रावर मालकाचा ताबा चालत नाही, परंतु आवारात उभे राहून व्यापारासाठी चित्र घ्यायचे तर त्याची संमती लागते.