होकुसाईच्या लाटेतला निळा रंग आला कुठून?

होकुसाईची ती लाट तुम्ही नक्की बघितलेली आहे. नावाने ओळखत नसाल कदाचित, पण बघितलेली आहे. टीशर्टवर, मगवर, मोबाईलच्या कव्हरवर, कॅफेच्या भिंतीवर, आणि जुलै २०२४ पासून तर जपानच्या १००० येनच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूलाही. डावीकडून उसळलेली प्रचंड लाट, तिच्या टोकाला नख्यांसारखा फेस, खाली तीन होड्या आणि लांब मागे इवलासा फुजी पर्वत. जपान म्हटलं की जी दोन-चार चित्रं डोळ्यासमोर येतात त्यातलं हे एक. म्हणूनच या चित्राला जिवंत करणारा तो निळा रंग मुळात जपानचा नाहीच, तो बर्लिनचा आहे आणि तोही चुकून बनलेला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चित्र परत उघडून झूम करून बघत बसलो होतो.

आधी चित्राबद्दल थोडं. जपानी नाव ‘कानागावा-ओकी नामी-उरा’, म्हणजे कानागावाजवळच्या समुद्रात, लाटेच्या खाली. साधारण १८३१ चं. कात्सुशिका होकुसाईचा जन्म १७६० चा, म्हणजे हे चित्र केलं तेव्हा तो सत्तरीचा होता. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ या मालिकेतलं हे एक, आणि मालिका इतकी खपली की पुढे आणखी १० चित्रं जोडून ती ४६ ची झाली. भिंतभर मोठं पेंटिंग असेल असं वाटतं ना? प्रत्यक्षात साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटर, ए-फोर कागदापेक्षा थोडंच मोठं.

आणि हे पेंटिंग नाहीच, ही छपाई आहे, लाकडी ठशांची. होकुसाई पातळ कागदावर रेखाचित्र काढायचा, कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवून रेघा सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचा, त्यात मूळ चित्र संपूनच जायचं. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, आणि छपाई करणारा एकेक रंग लावून वरून हातानेच कागद घासायचा. या सगळ्यात पैसे घालायचा प्रकाशक, निशिमुराया योहाची. एक प्रत नूडल्सच्या एखाद-दोन वाट्यांच्या किमतीत मिळायची, म्हणजे राजवाड्यातली वस्तू नव्हे, एदोमधल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, साध्या माणसाने घरी नेऊन लावायची वस्तू. मला हे फार आवडतं, कारण तेव्हाही हे चित्र लोकांचंच होतं.

आता निळ्याकडे येऊ. जपानी छपाईवाल्यांकडे आधी मुख्यतः दोन निळे होते. एक फुलाचा. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर केना उगवतो बघा, ज्याची काही घरांत भाजी करतात, त्याच्याच वंशातल्या एका झाडाच्या निळ्या पाकळ्यांचा रस. रंग सुंदर, पण पाण्यात लगेच विरघळणारा, जरा दमट हवा किंवा ऊन लागलं की उडालाच. दुसरी नीळ, कपडे रंगवायची. ती टिकाऊ, पण पाण्यात विरघळत नाही आणि कागदावर जरा मळकट, मंद दिसते. त्यामुळे मोठं निळंभोर आकाश किंवा खोल समुद्र छापायचा म्हटलं की पंचाईतच.

तिकडे बर्लिनमध्ये १७०४ ते १७०६ च्या दरम्यान डीसबाख नावाचा रंग बनवणारा कोचिनील किड्यांपासून लाल रंग करत होता. त्यासाठी त्याला तुरटी, हिराकस आणि पोटॅश लागायचं. गोष्ट अशी सांगतात की पोटॅश संपलं म्हणून त्याने डिप्पेल नावाच्या रसायनकाराकडचं उधार घेतलं, आणि ते प्राण्यांच्या रक्तापासून केलेल्या तेलाने खराब झालेलं होतं. लाल यायच्या ऐवजी भांड्यात आला गडद निळा! हिराकशीतलं लोखंड आणि त्या रक्तातून आलेला कार्बन-नायट्रोजन यांचं जे संयुग बनलं तोच प्रशियन ब्लू. त्या काळी युरोपात उत्तम निळा हवा तर अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड दळावा लागायचा, सोन्याच्या भावाने, म्हणून या स्वस्त निळ्यावर चित्रकारांच्या उड्या पडल्या.

तो इतका गडद का, हेही मजेशीर आहे. या रंगाच्या स्फटिकात लोखंडाचे अणू दोन प्रकारचे असतात, एकाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, दुसऱ्याने तीन, आणि दोघांच्या मध्ये कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचा पूल. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन या लोखंडाकडून त्या लोखंडाकडे उडी मारतो. उडीला ऊर्जा लागते, ती तो नारिंगी-लाल प्रकाशातून घेतो, लाल असा खाल्ला गेला की आपल्या डोळ्यापर्यंत उरतो तो निळा. कण इतके बारीक की चिमूटभर पुडीत भांडंभर पाणी निळं होतं. पूर्वी इमारतींचे नकाशे ज्यावर छापायचे ती ब्लूप्रिंटही याच रंगाची, आणि १९८७ साली ब्राझीलमध्ये गोयानियाला किरणोत्सर्गी सीझियम लोकांच्या अंगात गेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी औषध म्हणून हाच प्रशियन ब्लू पोटात दिला होता, कारण त्याच्या जाळीत सीझियम अडकून बाहेर पडतं.

जपानचे दरवाजे तेव्हा बाहेरच्यांना जवळजवळ बंद होते. युरोपियनांपैकी फक्त डच, तेही नागासाकीच्या देजिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर. त्यांच्याकडून आणि चिनी व्यापाऱ्यांकडून हा रंग जपानात आला, आणि लोकांनी त्याला नाव दिलं ‘बेरो-आई’, बर्लिनची नीळ. सुरुवातीला महाग होता, पण १८२० च्या दशकाच्या शेवटी चिनी माल भरपूर येऊ लागला आणि भाव कोसळले. मग काय, निशिमुरायाने १८३१ च्या सुमारास जाहिरातच केली की होकुसाईची फुजीची चित्रं निळ्या छपाईत येताहेत. म्हणजे नवा फोन येतो तसा नवा रंग हाच विकायचा मुद्दा होता! डोंगरही निळा, समुद्रही निळा, आणि सुरुवातीच्या काही चित्रांच्या तर रेघासुद्धा काळ्याऐवजी निळ्या.

पण १९० वर्षं जुन्या कागदावर कुठला निळा आहे हे कळतं कसं, कागद तर कापता येत नाही? इथे नीळ आणि प्रशियन ब्लू यांच्यातला एक फरक कामाला येतो. डोळ्याला ते सारखे दिसले तरी डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात नीळ जवळजवळ गायब होते, फिकी पडते, आणि प्रशियन ब्लू काळाच राहतो. शिवाय क्ष-किरणांनी तपासलं की लोखंड दिसतं, निळीत लोखंड नसतं. कागदाला हातही न लावता हे करता येतं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधल्या संशोधकांना लाटेत दोन्ही निळे सापडले, गडद-फिक्या छटांसाठी नीळ आणि बर्लिनचा रंग दोन्ही कामाला लावलेले. म्हणजे जुनं टाकून नवं घेतलं असं नाहीये, जुन्याच्या जोडीला नवं वापरलंय. पुढच्या वेळी चांगला फोटो मिळाला तर लाटेच्या पोटातले गडद पट्टे आणि त्यांच्या बाजूचे फिके पट्टे नीट बघा, एकच निळा नाहीये तो.

लाटेबद्दल एक गैरसमज मात्र जायला हवा, ही त्सुनामी नाही. त्सुनामी खोल समुद्रात जेमतेम जाणवते, किनाऱ्याला येऊन उठते, आणि इथे तर होड्या किनाऱ्यापासून लांब आहेत. या होड्या ‘ओशिओकुरी’, ताजी मासळी एदोच्या बाजारात धावत पोचवणाऱ्या, आणि वल्ही मारणारे त्या होडीला कवटाळून वाकून बसलेत. होडीच्या लांबीवरून हिशोब करून काही अभ्यासकांनी लाट १० ते १२ मीटरची धरली आहे, साधारण चार मजले. अचानक उठणाऱ्या अशा राक्षसी लाटा खलाशी सांगायचे पण बरीच वर्षं फार कुणी मनावर घ्यायचं नाही, शेवटी १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या द्राउप्नेर प्लॅटफॉर्मवरच्या यंत्राने २५.६ मीटरची लाट मोजली. ती २०१९ साली एडिंबराच्या गोल टाकीत छोट्या आकारात परत बनवली गेली. दोन दिशांनी येणाऱ्या लाटा १२० अंशांच्या कोनात एकमेकींना भिडवल्या तर पाणी कोसळण्याआधी सरळ वर फुटलं आणि संशोधकांना त्या फोटोत होकुसाईची लाट दिसली.

होकुसाई काही पहिल्या झटक्यात इथे पोचला नव्हता हेही सांगायला हवं. तीसेक वर्षं आधीच्या त्याच्या लाटा जड, मातीच्या ढिगासारख्या दिसतात. आणि डच चित्रांतून जपानात आलेली, लांबची वस्तू लहान दाखवायची युक्ती त्याने इथे अशी वापरली की देशातला सगळ्यात उंच, पूज्य पर्वत लाटेच्या पोटाखाली बसला. पुढे एक छोटी लाट आहे ना, तिचा आकारही फुजीसारखाच आहे, शिखरावर बर्फासारखा फेस.

लाटेच्या छापलेल्या हजारो प्रतींपैकी आज शंभराहून थोड्या जास्तच सापडतात. छापून छापून लाकूड झिजतं आणि बारीक रेघा तुटतात, म्हणून डाव्या कोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीची रेघ कुठे तुटलीय ते बघून कुठली प्रत आधीची हे ठरवता येतं. ब्रिटिश म्युझियममध्ये असा बारकाईने अभ्यास झालाय. आणि सुरुवातीच्या काही प्रतींमध्ये लाटेमागचं आकाश आपण बघतो तसं पिवळट रिकामं नाही, तिथे फिक्या गुलाबी आकाशात ढग आहेत. तो गुलाबी रंग प्रकाशाने उडून गेला आणि त्याच्याबरोबर बहुतेक प्रतींतले ढगही. बर्लिनचा निळा मात्र अजून तसाच.