पालाशाचे नैसर्गिक स्रोत

बागेतील झाडांना पालाश म्हणजे पोटॅशियम पुरवणारे वनस्पतिजन्य आणि खनिज पदार्थ. नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) वनस्पतीच्या सेंद्रिय रेणूंत गुंफले जातात; पालाश मात्र पेशीरसात आयनरूपाने मोकळेच राहते. पर्णरंध्रांची उघडझाप आणि पानांत तयार झालेली साखर फळांकडे वा कंदांकडे जाणे, ही कामे त्याच्यावर अवलंबून असतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतले पालाश काढून नव्या पानांना देते. म्हणून आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात आणि मग करपतात.

या मोकळेपणामुळे काडीकचऱ्यातले पालाश कुजण्याची फारशी वाट न पाहता पाण्याबरोबर बाहेर पडते. उघड्यावर पावसात भिजणारा कंपोस्टचा ढीग आपला बराचसा पालाश गमावतो. त्यामुळे ढीग झाकून ठेवणे हे नवे खत आणण्याइतकेच मोलाचे आहे.

लाकडाची राख हा सर्वांत जुना आणि चटकन लागू पडणारा स्रोत. तिच्यात पालाश साधारण ५ टक्के असते, पण चुना त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लता दाखवणारा आकडा (pH), वाढतो. आम्लधर्मी मातीत हा फायदाच, मात्र ॲझेलिया, ब्लूबेरी यांसारख्या आम्लप्रिय झाडांना ती घालू नये. बटाट्याच्या वाफ्यातही नको, कारण सामू वाढला की कंदांवर खपल्या आणणारा रोग बळावतो. राख कोरडी साठवावी, पातळ भुरभुरावी आणि मातीत मिसळावी. युरिया किंवा ताज्या शेणखतात ती मिसळल्यास नत्र अमोनिया होऊन उडून जाते. दगडी कोळशाची किंवा रंगवलेल्या लाकडाची राख बागेत वापरू नये, तिच्यात विषारी धातू असू शकतात.

केळीच्या सालीचा गवगवा तिच्या कुवतीपेक्षा मोठा आहे. वाळलेल्या सालीत पालाश भरपूर असते, पण ताजी साल बहुतांशी पाणीच. दोन-चार सालींनी वाफ्याची गरज भागत नाही. त्या कंपोस्टमध्ये घालाव्यात. समुद्री शेवाळ आणि कॉम्फ्रे या रुंद पानांच्या वनस्पतीची पाने यांचे आच्छादन किंवा द्रवखत अधिक उपयोगी ठरते.

खनिजांपैकी लँगबेनाइट पाण्यात विरघळते, पालाशाबरोबर मॅग्नेशियम व गंधकही देते आणि सामू फारसा बदलत नाही. ग्लॉकोनाइटयुक्त हिरवी वाळू व ग्रॅनाइटची भुकटी इतक्या संथपणे झिजतात की चालू हंगामात त्यांचा भरवसा धरता येत नाही.

वाळूमय जमिनीतून पालाश लवकर झिरपून जाते, चिकणमाती ते धरून ठेवते. जादा पालाशामुळे मुळांना मॅग्नेशियम व कॅल्शियम शोषणे जड जाते. म्हणून राख असो वा खनिज, मात्रा माती परीक्षणानंतरच ठरवावी.