तेलविहिरीतील पाणी : शुद्धीकरण व पुनर्वापर

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्याबरोबर भूगर्भातून वर येणारे खारट, तेलकट पाणी. तेल उद्योगात याला ‘प्रोड्यूस्ड वॉटर’ म्हणतात. विहीर जुनी होत जाते तसे तेल घटते आणि पाणी वाढते. अनेक जुन्या क्षेत्रांत तेलाच्या कितीतरी पट पाणीच वर येते.

नवी मुंबईच्या दक्षिणेला, उरणच्या किनाऱ्यावर, हा विषय रोजच्या कामाचा आहे. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथले तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या उरण प्रकल्पात येतात. बरेचसे पाणी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच वेगळे होते, तेलात अडकलेले उरणला पोचते. तेल उत्पादन तंत्रावर संशोधन करणारी ओएनजीसीची संस्थाही जवळच, पनवेलला आहे.

या पाण्याचा नमुना काचेच्या नळीत ठेवला की वर काळसर तेल तरंगते आणि तळाशी गढूळ पाणी बसते. खरी अडचण मधल्या तपकिरी थराची. त्यात तेल आणि पाण्याचे बारीक थेंब एकमेकांत इतके घट्ट मिसळलेले असतात की नुसते स्थिर ठेवून ते सुटत नाहीत. त्यासाठी उष्णता आणि हे मिश्रण फोडणारे डीमल्सिफायर रसायन लागते. त्यानंतर तिरप्या पत्र्यांच्या टाकीत किंवा पाणी वेगाने गरगर फिरवणाऱ्या हायड्रोसायक्लोनमध्ये मोठे थेंब निघतात. वायूचे बुडबुडे सोडून लहान थेंब वर आणले जातात. शेवटी अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याची गाळणी उरलेले तेल धरते. तरीही मीठ आणि फिनॉल, बेंझिन यांसारखी विषारी सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळलेलीच राहतात. सेंद्रिय द्रव्यांसाठी जैविक प्रक्रिया आणि मिठासाठी आरओ, असा पुढचा खर्चिक टप्पा असतो.

पुनर्वापराचा सर्वांत सयुक्तिक मार्ग म्हणजे पाणी जिथून आले त्या तेलसाठ्यातच परत सोडणे. त्याने साठ्यातला दाब टिकतो आणि तेल पुढे ढकलले जाते. पण पाणी नीट गाळले नाही, तर खडकाची छिद्रे बुजतात. समुद्राच्या पाण्यात मिसळले तर त्यातल्या सल्फेटमुळे बेरियमचे कठीण थर नळ्यांत जमतात आणि जिवाणू वाढून विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दुसरीकडे, ओमानमध्ये निम्र येथे तेलविहिरींतले पाणी नळगवताच्या विस्तीर्ण पाणथळीतून स्वच्छ केले जाते. कॅलिफोर्नियाच्या कर्न परगण्यात मुळात कमी खारट असलेले पाणी गोड्या पाण्यात मिसळून शेतीला देतात.

उरणच्या भातखाचरांसाठी मात्र कॅलिफोर्नियाचे हे उदाहरण घेऊ नये. खाडीलगतच्या खार जमिनीत आधीच मीठ आहे, त्यात भर परवडणारी नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना प्रक्रिया केलेले पाणी द्यायचे, तर नवी मुंबई महापालिकेचे शुद्ध केलेले मैलापाणी हा कितीतरी सोपा स्रोत आहे. त्यात मीठ कमी असते आणि ते रोज नेमाने मिळते.

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरून सोडायच्या पाण्यात तेलाचे प्रमाण ९५ टक्के नमुन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत हवे, असा भारतीय नियम आहे. हे मोजमाप तेलापुरते आहे. विरघळलेल्या विषारी द्रव्यांची तपासणी तितक्याच काटेकोरपणे आणि मासळीच्या विणीच्या काळात अधिक वेळा व्हायला हवी, कारण उरण-करंजाच्या कोळी कुटुंबांचे पोट याच पाण्यावर आहे.