चेहऱ्याचं फ्रॅक्चर आणि मेंदूची दुखापत

अपघातात चेहऱ्याचं हाड मोडलं की मेंदूलाही मार बसलेला असू शकतो, आणि हे बऱ्याचदा होतं, कारण डोळ्याच्या खोबणीचं छत म्हणजेच मेंदूच्या पुढच्या भागाखालचं हाड, आणि नाकाच्या वर तर नुसती जाळीदार पातळ पट्टी, तिच्यावर लगेच मेंदू.

खान्देशात असे पेशंट जास्त करून बाईकवरचे. सुरत-नागपूर हायवे धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून जातो, मुंबई-आग्रा धुळे-शिरपूरवरून, त्यात ट्रकांची गर्दी, आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं. टोपीसारखं अर्धं हेल्मेट घातलं तरी नाक-जबडा उघडाच राहतो.

कपाळ किंवा चेहऱ्याचा मधला भाग मोडला तर मेंदूची काळजी जास्त, नुसत्या जबड्यात त्यामानाने कमी, पण जबडाच मोडलाय म्हणून डोकं सेफ असं धरून चालत नाही. मधल्या भागाच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार फ्रेंच सर्जन रेने ले फोर यांनी १९०१ मध्ये मांडले, तिसऱ्यात अख्खा चेहराच कवटीपासून सुटा होतो. चेहरा बंपरसारखा मार खाऊन मेंदूला वाचवतो असंही म्हटलं जातं, पण त्या भरवशावर सीटी स्कॅन टाळणं चूकच.

खरा घोळ पहिल्या काही तासांत होतो. रक्ताने भरलेला, सुजलेला चेहरा बघून सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं, टाके घातले, पेशंट बोलतोय, "काही नाही भाऊ, नाक फुटलंय" म्हणत घरी नेतात, आणि कानशिलाजवळची रक्तवाहिनी फाटलेली असेल तर आत रक्त साचत जाऊन तो रात्री गुंगीत जातो. दारूचा वास आला तर मग विचारायलाच नको, गुंगी दारूचीच समजतात. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, फिट येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं म्हणजे कवटीचा तळ तडकल्याची शंका, तेव्हा नाक शिंकरायचं नाही आणि डॉक्टरही नाकातून नळी घालत नाहीत.

दवाखान्यात आधी श्वास बघतात आणि मान हलू देत नाहीत. पेशंट किती शुद्धीत आहे ते ग्लासगो कोमा स्केलवर मोजतात, १९७४ पासूनची पद्धत, १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत, ८ किंवा खाली म्हणजे गंभीर. सीटीत डोकं आणि चेहरा दोन्ही घेतलेले बरे. पहिला सीटी नॉर्मल आला तरी शुद्ध कमी झाली तर परत काढतात.

चेहऱ्याच्या प्लेटा बसवायचं ऑपरेशन बहुतेकदा काही दिवस थांबतं, सूज उतरेपर्यंत, मेंदू स्थिर होईपर्यंत, यावरून नातेवाईक चिडतात पण घाई मेंदूची असते, हाडाची नाही. घरी गेल्यावरही विसरभोळेपणा, चिडचिड राहू शकते, आणि वासाचे तंतू नाकावरच्या त्या जाळीदार पट्टीतूनच जात असल्याने काहींना फोडणी जळाल्याचाही वास येत नाही, हे तपासात कुणी विचारत नाही म्हणून स्वतःहून सांगावं लागतं.