पोर्ट-ओ-प्रिन्सची ‘कच्ची’ घरे

जुलै 2025 मध्ये हैतीच्या राजधानीतील, म्हणजे पोर्ट-ओ-प्रिन्समधील, हॉटेल ओलोफसन सशस्त्र टोळ्यांच्या हिंसाचारात जळून खाक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साम या हैतीतील राजकीय घराण्याचे निवासस्थान म्हणून ही वास्तू बांधली गेली होती. ‘लाकडी घर म्हणजे कच्चे आणि सिमेंटचे ते पक्के’ हा आपला जुना समज अशा बातमीने आणखी घट्ट होतो. परंतु हीच वास्तू 12 जानेवारी 2010 रोजी 7.0 परिमाणाच्या भूकंपातून सुखरूप बचावली होती आणि त्याच दुपारी प्रबलित (आत पोलादी सळया घातलेल्या) काँक्रीटच्या राष्ट्रपती भवनाचा घुमट वरच्या मजल्यासह खाली बसला होता. त्या भवनाचा आराखडा करणारे जॉर्ज बोसाँ हे हैतीतील नक्षीदार लाकडी घरांच्या प्रमुख वास्तुरचनाकारांपैकीही एक होते, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

शहराच्या पाको, तुर्जो आणि ब्वा व्हेर्ना या भागांतील या घरांना विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी पर्यटकांनी ‘जिंजरब्रेड’ हे नाव दिले, कारण छपराच्या कडांवरील जाळीदार नक्षी त्यांना आपल्याकडच्या सजवलेल्या गोड पावाची आठवण करून देत असे. उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा, झडपांच्या उंच खिडक्या आणि गरम हवा वर जाऊ देणारी उभ्या उताराची छपरे ही उष्ण कटिबंधासाठी केलेली योजना होती. भूकंपात मात्र उपयोगी पडला तो नक्षीमागचा सांगाडा. यातील अनेक घरांत लाकडी खांब, तुळया आणि तिरके दांडे यांची चौकट उभारून मधल्या कप्प्यांत दगड किंवा विटा मातीच्या अथवा चुन्याच्या मसाल्यात भरलेल्या असतात. या पद्धतीची मुळे जुनी आहेत: 3 जून 1770 च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केल्यावर फ्रेंच वसाहतीच्या प्रशासनाने निव्वळ दगडी बांधकामावर बंदी घालून लाकूड किंवा ‘खांबांमधली भर’ यांनाच मुभा दिली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: ‘कच्चे’ लाकडी घर टिकले आणि ‘पक्के’ काँक्रीट कोसळले, असे का? भूकंपात जमीन सरकते आणि जडत्वामुळे इमारत मागे राहू पाहते. त्यामुळे इमारतीवर येणारे आडवे बल हे वस्तुमान गुणिले त्वरण इतके असते. 4 मीटर बाय 5 मीटरच्या खोलीवरील 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब सुमारे 7.2 टनांचा भरतो. त्या पातळीवरील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तीन दशांश इतके धरले, तर केवळ त्या स्लॅबमुळे दोन टनांहून अधिक वजनाइतके बल खांबांना आडवे ढकलते. लाकडी तक्तपोशीचे वजन याच्या एक दशांशाच्या आसपास असल्याने बलही त्याच प्रमाणात घटते.

हलकेपणा हे मात्र अर्धेच उत्तर आहे. जमिनीने घरात ओतलेली ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. लाकूड स्वतः फारसे ताणले जात नाही, तुटते. लवचिकता असते ती त्याच्या सांध्यांत, जेथे खिळे वाकतात आणि खाचा किंचित सरकतात. चौकट अशी तिरपी होऊ लागली की कप्प्यातील भर ठिकठिकाणी बारीक तडकते आणि दगडावर दगड घासतो. प्रत्येक घासण्यात थोडी गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते, आणि अशी घर्षणे हजारो ठिकाणी होत असल्याने डोलणे लवकर शमते. शिवाय भेगांमुळे भिंतीची ताठरता घटून घराचा नैसर्गिक दोलनकाळ, म्हणजे एकदा डोलून परत येण्यास लागणारा वेळ, वाढतो. कठीण जमिनीवरील हादऱ्यांची बहुतांश ऊर्जा कमी दोलनकाळाच्या कंपनांत असते, म्हणून तेथे हे घर अनुनादापासून, म्हणजे जमिनीच्या लयीशी लय जुळून डोलणे वाढत जाण्यापासून, दूर सरकते. जाड गाळाच्या जमिनीवर नेमके उलटही घडू शकते. भेग हे येथे अपयशाचे लक्षण नसून यंत्रणेचाच भाग आहे.

याउलट उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या पोलादी रिंगा पुरेशा नसलेला काँक्रीटचा खांब जवळजवळ पूर्वसूचनेशिवाय फुटतो आणि स्लॅब एकमेकांवर पोळ्यांसारखे बसतात. दोष काँक्रीटचा नाही, निष्काळजी काँक्रीटचा आहे: 27 फेब्रुवारी 2010 रोजी, बांधकामाचे नियम कडक असलेल्या चिलीत 8.8 परिमाणाचा भूकंप होऊनही मृतांची संख्या सुमारे 500 होती. हैतीतील भूकंपानंतरच्या पाहणीत जिंजरब्रेड घरांपैकी सुमारे 5 टक्के अंशतः वा पूर्णतः कोसळल्याचा आणि त्याच वस्त्यांतील इतर इमारतींत हे प्रमाण 40 टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा भूकंप म्हणजे हैतीने सैतानाशी करार केल्याचे फळ आहे, असे एका अमेरिकी धर्मोपदेशकाने त्या वेळी दूरचित्रवाणीवर सांगितले होते. सैतानाने केवळ रिंगा नसलेलेच खांब निवडून काढले, असे मग मानावे लागेल. ‘पूर्वजांना सर्व ज्ञात होते’ हा उलट टोकाचा दावाही तितकाच पोकळ आहे, कारण आगीच्या भीतीने 1925 मध्ये नव्या लाकडी बांधकामांवर बंदी घालणारेही याच शहरातील पूर्वज होते.

आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, तर कित्येक घरांत खणांचे लाकडी सांगाडे तसेच उभे होते. तेथे भिंत आणि सांगाडा एकमेकांत गुंफलेले नव्हते. हैतीतही ही गुंफण टिकवणे सोपे नाही. वाळवीने पोखरलेला सांधा सरकत नाही, सुटतो. आणि दुरुस्तीच्या वेळी मऊ चुन्याच्या जागी कडक सिमेंट भरले, तर कप्पा एकसंध ठोकळा बनतो, दगड घासायचे थांबतात आणि सगळा ताण चौकटीच्या कोपऱ्यांत साचतो.