पार्श्वभूमी : पीएचपीतील एफटीपी जोडणीचे पर्याय

एफटीपी (फाइली पाठवण्या-आणण्याची पद्धत) जोडणीचे पर्याय सध्या कसे ठेवले आहेत, हे तपासण्यासाठी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत 'एफटीपी_गेट_ऑप्शन' हे फंक्शन आहे. मात्र त्याला तीनच गोष्टी विचारता येतात : सर्व्हरची वाट किती सेकंद पाहायची (मुळात ९०), अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू करताना योग्य जागी आपोआप जायचे का, आणि पॅसिव्ह जोडणीत (यात फाइलींसाठीची वेगळी जोडणी सर्व्हर नव्हे, तर स्क्रिप्टच उघडते) सर्व्हरने कळवलेला पत्ता मानायचा का. पॅसिव्ह मोड चालू आहे की नाही, हा नेहमी पडणारा प्रश्न या यादीत नाही, हे नवलच.

पहिले दोन पर्याय २००२ मध्ये आले. तिसरा २०१६ च्या सुमारास आला आणि खरा वाद त्याचाच आहे. १९८५ च्या आरएफसी ९५९ या एफटीपीच्या प्रमाणकानुसार पॅसिव्ह आज्ञेला सर्व्हर २२७ या सांकेतिक क्रमांकासह सहा आकडे पाठवतो. त्यांतले चार पत्त्याचे आणि दोन पोर्टचे (यंत्रावरील जोडणीच्या दाराच्या क्रमांकाचे) असतात. सर्व्हर राउटरमागे असला आणि त्याची मांडणी नीट केलेली नसली, की तो १९२.१६८ ने सुरू होणारा आपला अंतर्गत पत्ता बाहेरच्यांना देतो. मग लॉगिन व्यवस्थित होते, पण फाइलींची यादी मागताच स्क्रिप्ट अडकते. शिवाय दुष्ट हेतूचा सर्व्हर भलताच पत्ता देऊन स्क्रिप्टला तिच्याच अंतर्गत जाळ्यातील यंत्रांकडे वळवू शकतो. हा पर्याय बंद केल्यास पीएचपी तो पत्ता सोडून मूळ जोडणीचाच पत्ता वापरते. मात्र बदल पॅसिव्ह मोड चालू करण्यापूर्वी करावा लागतो.

तरीही मूळ मूल्य 'चालू' असेच ठेवले गेले. नियंत्रण आणि फाइलींची वाहतूक वेगवेगळ्या यंत्रांवर असू शकते, असा त्यामागचा युक्तिवाद करता येतो आणि प्रमाणकाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. पण अशी रचना आता क्वचितच आढळते. फाइली उतरवून घेण्याच्या कर्ल या साधनाने २०२० च्या अखेरीस हा पत्ता मुळातच दुर्लक्षित करण्याचे ठरवले, आणि तेच अधिक शहाणपणाचे वाटते. १९९८ च्या विस्तारित पॅसिव्ह आज्ञेत तर उत्तरादाखल केवळ पोर्टच येतो. पीएचपी मात्र ती आज्ञा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) जोडणीपुरतीच वापरते.

२०२१ च्या पीएचपी ८.१ पासून एफटीपी जोडणी पीएचपीत 'रिसोर्स' या जुन्या प्रकारची न राहता 'ऑब्जेक्ट' प्रकारची झाली. त्यामुळे 'इझ_रिसोर्स' (वस्तू रिसोर्स आहे का, हे सांगणारे फंक्शन) वापरून जोडणी तपासणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट, पर्यायांपर्यंत पोहोचण्याआधीच, यशस्वी जोडणीलाही अयशस्वी ठरवतात.